एक टकटक म्हणजे गरम

जावयाला लाल सिग्नल दाखवायची मुभा जगातल्या किती सासवांना मिळत असेल, मला ठाऊक नाही. मला मिळाली, आणि मी ती मनसोक्त वापरली.

मी लेकीकडे राहायला आले तेव्हा जावईबुवा ऑफिसातून आले की कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर आगगाडी चालवत बसायचे. आधी मला वाटलं, दमलेला माणूस आहे, काहीतरी बघत बसला असेल. पण ते बघत नव्हते, चालवत होते. हा खेळ बरीच माणसं आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात. कुणी ड्रायव्हर होतं, कुणी स्टेशनात बसून सिग्नल देतं आणि सांधे बदलतं. या सगळ्यांवर एक कंट्रोलर असतो, तो टाइमटेबल बघतो आणि सगळ्यांना ओरडतो. आमचे कंट्रोलर दातांचे डॉक्टर होते. पेशंटच्या तोंडात यंत्र घातल्यावर डॉक्टरांना जसं एकट्यानंच बोलायची सवय लागते, तसं ते बोलायचे.

एकदा जंक्शनवर बसणारा माणूस आजारी पडला. जावई म्हणाले, "आई, जरा बसता का या दुसऱ्या कॉम्प्युटरवर? काही अवघड नाही. मी म्हणेन तेव्हा फक्त हिरवा द्यायचा."

मी चष्मा पुसला आणि बसले. पडद्यावर तीन लाइनी, चार बाजूंनी येणारे रूळ, बारके बारके दिवे. थोड्याच वेळात लांबून एक एक्सप्रेस येताना दिसली. मी जावयांची मालगाडी बाजूच्या लाइनीत घेतली आणि त्यांना लाल दाखवला.

"आई! मी आहे!"

"दिसतंय मला. मागून एक्सप्रेस येतेय."

"अहो पण मी घरचा माणूस!"

"घरच्या माणसानं थांबायचं असतं," मी म्हटलं. हेडफोनमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या होत्या भूगोलाच्या बाई, एक्सप्रेसच्या ड्रायव्हर. निवृत्त होईपर्यंत मुलांना नकाशातल्या नद्या शिकवल्या आणि आता पडद्यावरच्या पुलांवरून त्याच ओलांडत होत्या. त्या दिवसापासून जंक्शन माझं झालं.

पण मला खरं तर सांगायचंय ते ताईचं.

ताई माझी थोरली बहीण. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ती लांब, तिच्या मुलाकडे असते. प्रवास तिला झेपत नाही आणि मलाही आता कुणी एकटीला सोडत नाही. राहिला फोन. आमचा फोन ऐकलात तर तुम्हाला वाटेल, बोलणं दोघींच्या जिवावर आलंय. "जेवलीस का?" "हो. तू?" "हो." "बरं, ठेवते मग." झालं. जिच्याशी लहानपणी पांघरुणावरून, खिडकीजवळच्या जागेवरून, वेणीच्या रिबिनीवरून तासन् तास भांडले, तिच्याशी बोलायला फोनवर शब्द सापडेनात. आम्हा दोघींना नुसतं बोलता येतच नाही. हातात काहीतरी काम लागतं, आणि त्या कामात एकमेकींच्या चुका काढायला लागतात.

म्हणून माझ्या पुढच्या स्टेशनाची जागा रिकामी झाली तेव्हा मी ताईच्या सुनेच्या मागे लागले. सुनेनं कॉम्प्युटर लावून दिला, हेडफोन डोक्यावर बसवला आणि ताई पडद्यावर अवतरली. माझं जंक्शन, मग एकेरी लाइन, मग ताईचं जंक्शन. मधे दुसरं कुणी नाही.

पहिलंच वाक्य काय बोलली? "बुटके, तुझा तो तिसरा सांधा उलटा पडलाय."

मला इतका आनंद झाला की मी सांधा तसाच ठेवला, अजून एकदा बोलावी म्हणून.

एकेरी लाइनीचा नियम असा, की मला गाडी पाठवायची तर आधी घंटी वाजवून ताईला विचारायचं. तिनं 'लाइन क्लिअर' दिली की मगच माझा सिग्नल हिरवा होणार, आणि माझी गाडी तिच्याकडे पोचेपर्यंत तिला माझ्याकडे काही पाठवता येणार नाही. हे समजावून सांगताना डॉक्टरांनी भलामोठा तक्ता दाखवला होता. आधी एक्सप्रेस, मग पॅसेंजर, मग मालगाडी, सगळ्यात शेवटी रिकामे डबे. आम्ही दोघींनी तो बघून सोडून दिला. हे सगळं आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून येत होतं.

आमचं लहानपणचं घर शिंप्याच्या दुकानावर होतं. चुलत्यांचं आणि आमचं बिऱ्हाड एकत्र. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला सगळ्यांच्या खोल्या, आणि दोन्हींच्या मधे एक बोळ. बोळ कसला, भिंतीला पडलेली लांबलचक चीर. त्यातून एका वेळी एकच माणूस जायचं. मध्यावर एक कोनाडा होता, शिलाई मशीन ठेवायला केलेला, पण मशीन काही आलं नाही. एकदा काकू उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन निघाली आणि समोरून काका नुसतेच शीळ घालत आले. काकूचा हात भाजला, काकांचा पाय भाजला, आणि दुसऱ्या दिवशी काकूनं भाजल्या हातानंच कायदा केला. बोळात शिरण्याआधी भिंतीवर टकटक करायची. एक टकटक म्हणजे हातात गरम आहे. दोन म्हणजे हात भरलेले, पण गार. तीन म्हणजे रिकामे हात. गरम असेल त्याला सगळ्यांनी वाट द्यायची. रिकाम्यानं मागे सरायचं, नाहीतर कोनाड्यात उभं राहायचं, मग ते घरातलं सगळ्यात मोठं माणूस का असेना. आजोबासुद्धा तीन वाजवून कोनाड्यात उभे राहिलेले मी पाहिलेत, आणि त्यांच्यासमोरून मी दुधाचं पातेलं मिरवत नेलंय.

एकटी ताई चोर होती. हातात काहीही नसताना एक वाजवायची. कोनाड्यात पोट आत ओढून मी उभी, आणि समोरून ही बया रिकामं पातेलं दोन्ही हातांत धरून, तोंडानं "हाय हाय, हाय हाय" करत जायची. मला दरवेळी कळायचं. दरवेळी मी सरायचे. न जाणो, एखाद्या वेळी खरंच गरम असलं तर?

तर आता वय झालं तरी ताई तीच होती. गुरुवारी तिनं कहर केला.

माझ्याकडे जावयांची मालगाडी उभी होती, दुधाच्या टाक्यांची. ताईकडे भूगोलाच्या बाईंची एक्सप्रेस. मी घंटी वाजवली. ताईनं लाइन दिली नाही. तिनं वाजवली, मी दिली नाही.

"एक्सप्रेस आहे माझी, बुटके."

"माझं दूध आहे."

"खेळातलं दूध नासत नाही."

"खेळातल्या माणसांना तरी कुठं घाई असते?"

आमचं हे चालू असताना तिच्या मागून गाड्या येत होत्या, माझ्याही मागून येत होत्या. मी त्या एकेक करून आत घेतल्या. ताईनंही घेतल्या. आणि मग एकदम उजेड पडला. माझ्या तिन्ही लाइनी भरल्या होत्या, ताईकडे तोंड करून. तिच्याही तिन्ही भरल्या होत्या, माझ्याकडे तोंड करून. मधली लाइन रिकामी, स्वच्छ, पण गाडी पाठवून उतरवणार कुठं? दोघींच्याही घरात पाय ठेवायला जागा नाही.

"तू जागा कर, मग पाठवते," ताई म्हणाली.

"तू पाठव, मग जागा करते," मी म्हणाले.

डॉक्टरांना अख्खा खेळ बंद करावा लागला. मग ते म्हणाले, "मावशी, दोन्ही मावश्यांना सांगतो, रविवारी मोठा खेळ आहे. सगळे ड्रायव्हर येणार. रविवारी पुन्हा जंक्शन तुंबलं, तर दोन्ही स्टेशनं मी कॉम्प्युटरच्या ताब्यात देणार. त्याला भांडता येत नाही."

घाबरले मी. स्टेशन गेलं असतं तर पडद्यावरचे दिवे गेले असते, त्याचं काही नाही. पण मग पुन्हा "जेवलीस का, हो, तू, हो, ठेवते." पुढची सगळी वर्षं तेवढ्यावर काढायची?

मी मनाशी ठरवलं. रविवारी शहाण्यासारखं वागायचं. ताई जे पाठवेल ते घ्यायचं, आपलं काही पुढे दामटायचं नाही. तीन लाइनी रिकाम्या ठेवायच्या, तिच्या गाड्यांसाठी.

रविवारी दुपारी जेवणं उरकून आम्ही बसलो. लेक मला म्हणाली, "आई, नवी साडी? कॉम्प्युटरसमोर?" मी तिकडे लक्ष दिलं नाही. जावई दिवाणखान्यातल्या मशीनवर, मी आतल्या खोलीत. खेळ सुरू झाला. जावयांची दुधाची गाडी माझ्या स्टेशनाबाहेर आली. मी लाल दाखवला. तिच्या मागून पॅसेंजर आली, तिलाही लाल. माझं स्टेशन झाडून पुसून रिकामं. ताईच्या गाडीची वाट बघत मी हात जोडून बसले.

ताईची गाडी येईना.

"ताई, पाठव ना."

"तू पाठव."

"नको, तू आधी. थोरली आहेस."

"थोरली आहे म्हणूनच सांगतेय, तू आधी. मी सगळी जागा रिकामी ठेवलीय तुझ्यासाठी."

"मीपण!"

मग हेडफोनमधून जावयांचा केविलवाणा आवाज आला, "आई, मी बाहेर उभा आहे."

"माझ्यामागे आणखी एक उभी आहे," पॅसेंजरवाला म्हणाला.

"मी तर पुलावर आहे," भूगोलाच्या बाई पलीकडून म्हणाल्या. "नदी छान दिसतेय, पण किती वेळ बघू?"

डॉक्टरांनी नकाशा उघडला असणार. कारण ते जे ओरडले, ते दाताच्या खुर्चीतून पेशंट ओरडतो तसं होतं. "दोन्ही जंक्शनं रिकामी! आणि दोन्हीकडे गाड्या बाहेर रांगेत! अहो, गुरुवारी निदान गाड्या आत तरी होत्या!"

"आम्ही समजूतदारपणा करतोय," ताई करारी आवाजात म्हणाली.

"करू नका! मी आता चहा घेतोय. हा कप संपेपर्यंत एक तरी गाडी हलली नाही, तर दोन्ही स्टेशनं कॉम्प्युटरला."

आणि त्यांनी माइक चालूच ठेवून घोट घेतला. सुर्रर्र.

मी घाईघाईनं घंटी वाजवली. नेमकी त्याच क्षणी ताईनंही वाजवली. मशीननं दोन्ही मागण्या नाकारल्या.

"बरं, तू कर," मी म्हटलं.

"बरं, तू कर," तीही त्याच दमात म्हणाली.

दोघी थांबलो. सुर्रर्र. दोघींनी पुन्हा एकदम वाजवली. पुन्हा नाकारलं. अरुंद वाटेत दोन माणसं समोरासमोर आली की दोघं डावीकडे होतात, मग दोघं उजवीकडे होतात, तसं आमचं चाललं होतं. फरक एवढाच की आमच्या मधे मैलोन् मैल रूळ होते.

"ताई, तू हात लावू नकोस!"

"नाही लावत! तू लाव!"

"लावते!"

"थांब, आधी मी लावलाय गं!"

सुर्रर्र. घोट आता मोठे यायला लागले होते. जावई आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, गळ्यात हेडफोन तसाच. "आई," ते हळूच म्हणाले, "काहीतरी करा हो. माझ्या गाडीत दूध आहे."

दूध आहे. माझा हात आपोआप गेला. लाइन मागायची घंटी असते तिच्या शेजारी नुसतं लक्ष वेधायला एक वेगळी घंटी असते, जी कुणी कधी वाजवत नाही. मी ती एकदाच वाजवली. ठण.

मग ताईचा आवाज आला, एकदम निराळा, बोळाच्या पलीकडच्या टोकावरून यावा तसा.

"गरम?"

"उकळतंय."

"काय आहे?"

"दूध!"

"मग ये ना बाई! उंबऱ्यात काय उभी? मी सरलेय!"

लाइन क्लिअर. मी भराभर सगळे सिग्नल ओढले. जावई दारातून असे उडाले की पायातली चप्पल माझ्या खोलीतच राहिली. दुधाची गाडी धडधडत स्टेशन पार करून गेली आणि डॉक्टरांचा घोट अर्ध्यात अडकला.

"हे काय होतं?" ते खोकत म्हणाले. "ही एक घंटी कशाची?"

"आमची आहे," ताई म्हणाली. "तुम्ही चहा घ्या." आणि गाडी पोचल्या पोचल्या तिनं वाजवली. ठण. एक.

"काय आहे तुझ्याकडे?" मी विचारलं.

"गरम."

मी पडद्यावर पाहिलं. "ताई, खडी आहे ती! खडी कशी गरम?"

"उन्हात उभी होती."

अगदी तीच! तोच निर्लज्ज, गोड, पातेलं मिरवणारा आवाज! मला असं हसू फुटलं की डोळ्यांपुढचे दिवे हलायला लागले. मी लाइन दिली. खडी आली. मी एक वाजवली, पॅसेंजर गेली. तिनं एक वाजवली. "आता काय?" "लोखंडी नळ." "तेही उन्हात?" "नळातलं पाणी तापलंय." मी दिली. ठण, गेली. ठण, आली. एक तिची, एक माझी, पुढची तिची. रांगा हलायला लागल्या.

मग ड्रायव्हर बिघडले. पुलावरून भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "मावशी, माझ्या गाडीत एका बाईला कळा सुरू झाल्यात!"

"अगंबाई! ताई, हिला आधी सोड!"

"सोडली! डब्यात कुणी जाणती आहे का, विचार!"

"माझ्याकडे आत्ताच भट्टीतून काढलेल्या विटा आहेत," एक मालगाडीवाला म्हणाला.

"माझ्या इंजिनाला ताप आहे," दुसरा म्हणाला.

"माझा पेशंट," डॉक्टर ओरडले, "आपलं, माझं टाइमटेबल! टाइमटेबलात कुठंही गरम असा रकाना नाही! मावशी, विटा पॅसेंजरच्या आधी जात नाहीत!"

"भट्टीतल्या आहेत हो," मी म्हटलं. "चटका बसला तर तुम्ही येणार का फुंकर घालायला?"

त्यावर कुणीतरी इतकं हसलं की त्याची गाडी स्टेशन सोडून पुढे गेली, आणि तिला हळूहळू मागे घ्यावी लागली. भूगोलाच्या बाई माझ्या स्टेशनात शिरल्या तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "मुलगी झाली!" सगळ्यांनी माइकवर टाळ्या वाजवल्या. लेक धावत आली, "काय झालं? काय झालं?" जावई दिवाणखान्यातून ओरडले, "मुलगी!" ती बिचारी दोन खोल्यांच्या मधे कपाळाला हात लावून उभी.

खेळ उलगडत उलगडत शेवटाला आला. बाहेर एकही गाडी उरली नव्हती. डॉक्टरांनी नकाशा तपासला.

"एकही गाडी टाइमटेबलप्रमाणे गेली नाही," अखेर ते म्हणाले.

मी घंटीवरचं बोट काढून घेतलं.

"पण गेल्या. सगळ्या गेल्या." त्यांनी सुस्कारा सोडला. "आणि माझा चहा गार झाला."

"मग तुम्ही दोन वाजवायच्या," ताई म्हणाली, "आणि बाजूला उभं राहायचं."

डॉक्टर हसले. आधी नाकातून, मग मोकळे. "राहू द्या स्टेशनं तुमच्याकडे. पण मला तो गरमचा तक्ता करून द्या. मला निदान कळू तरी द्या, मी कशावरून ओरडायचं ते."

"तक्ता नाही त्याला," मी म्हटलं. "भिंत लागते."

आता यार्डात परतायच्या तेवढ्या दोनच गाड्या उरल्या होत्या. जावई रिकाम्या टाक्या घेऊन परतले होते, त्यांना पुन्हा ताईच्या पलीकडच्या यार्डात जायचं होतं. भूगोलाच्या बाई पलीकडे जाऊन आता रिकामे डबे घेऊन ताईकडे उभ्या, त्यांना माझ्याकडे यायचं होतं. दोन्ही रिकाम्या. काकूच्या कायद्यात ह्याला कलम नव्हतं. दोघं रिकाम्या हातांचे समोरासमोर आले तर ते बोळातच अडकायचे, आणि मग कुणीतरी त्यांना दोन्ही टोकांनी ओढून काढायचं.

मला ताई पक्की ठाऊक होती. तिचं बोट आत्ता घंटीवर असणार. आत्ता एक वाजवणार, आणि मी सरणार, नेहमीसारखी.

मी पटकन घंटी दाबली. ठण. एकदाच.

"काय आहे?" ताई म्हणाली. आवाजात संशय.

"गरम."

"बुटके, मला पडद्यावर दिसतंय. रिकाम्या टाक्या आहेत."

"हाय हाय," मी म्हटलं. "हाय हाय, हाय हाय."

मग ताई हसायला लागली. तिचं हसू आधी आत कुठंतरी खदखदतं आणि मग एकदम उतू जातं. खोकला आला, सून पाणी घेऊन धावल्याचा आवाज आला, तरी थांबेना.

"खोटारडे! खोटारडे कुठची! इतकी वर्षं मी वाट बघत होते, ही कधी शिकतेय म्हणून!"

"मग? चटका बसेल हं. सर."

"सरते बाई, सरते. कोनाड्यात उभी आहे, पोट आत ओढून. ये."

लाइन क्लिअर.

"आई?" दिवाणखान्यातून जावयांचा आवाज आला. "हिरवा? मला? आधी?"

"बघत काय बसलात," मी म्हटलं, "पळा! गार व्हायच्या आत!"